यादीत नाही म्हणजे घातक नाही, असं कोण म्हणतं?

मागच्या अंकात मी घातक कचऱ्याच्या नियमांबद्दल लिहिलं होतं, कारखान्यातून निघणाऱ्या कुठल्या कुठल्या गोष्टी त्या यादीत येतात वगैरे. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त उलट बाजूने विचारणारे होते, की मग यादीतून वगळलेलं काय आहे, का वगळलं, आणि वगळलं म्हणजे ते घराशेजारी टाकलं तर चालतं का. हा प्रश्न मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो कारण लॅबमध्ये सॅम्पल घेऊन फिरायचे तेव्हा गावोगावी हेच वाक्य ऐकलंय, "मॅडम हे हझार्डस नाहीये, टेन्शन घेऊ नका". म्हणून या वेळी सगळा कॉलम यालाच दिलाय.

प्रश्न : ताई, मी चंद्रपूरजवळच्या गावात राहतो. आमच्या घरामागच्या खोलगट प्लॉटमध्ये दोन महिन्यांपासून हायवा भरभरून वीज केंद्राची राख टाकणं चालू आहे. वारा सुटला की अंथरुणावर, भांड्यांवर, पोरांच्या डोक्यात राखच राख. विहीर तिथून पन्नास पावलांवर आहे. ठेकेदाराला हटकलं तर तो मोबाईलमध्ये नियम काढून दाखवतो की फ्लाय ॲश घातक कचऱ्यात येतच नाही. खरं आहे का हे?

भाऊ, त्याने दाखवलेली ओळ खरी आहे, पण ती ओळ तुमच्या प्लॉटबद्दल काहीच सांगत नाही, हे मी नीट समजावून सांगते, थोडं लांबेल.

आपल्याकडे भोपाळ झालं १९८४ ला, मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. ते बदलत बदलत २००८ आणि मग २०१६ चे नियम झाले. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कारखान्यांच्या प्रक्रिया आणि त्यातून निघणारा घातक कचरा यांची मोठी यादी आहे, आणि त्या यादीच्या खाली एक टीप आहे. त्या टिपेत म्हटलंय की जो कचरा प्रमाणाने प्रचंड पण परिणामाने कमी आहे, म्हणजे फ्लाय ॲश, खत कारखान्यातलं फॉस्फोजिप्सम, ॲल्युमिना काढून उरलेला लाल चिखल म्हणजे रेड मड, जस्ताच्या कारखान्यातलं जॅरोसाइट, धातू वितळवताना निघणारी मळी म्हणजे स्लॅग, खाणीतला टेलिंगचा गाळ आणि खनिज धुऊन उरलेलं रिजेक्शन, हे घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळलंय आणि त्यांच्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढेल. ठेकेदार दाखवतोय ती हीच टीप, फक्त तो अर्धी वाचतो, "वगळलंय" इथपर्यंत. "वेगळ्या सूचना" हे पुढचं वाचत नाही.

आता का वगळलं. देशात वर्षाला २५ कोटी टनांच्या पुढे राख निघते, कारण आपला कोळसाच असा आहे की जाळला की त्यातला ३० ते ४५ टक्के भाग राख म्हणूनच मागे राहतो. यादीतला सगळ्या देशातला घातक कचरा एकत्र केला तरी तो या राखेच्या पासंगालाही पुरत नाही. घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी जी खास लँडफिल आहेत, खाली जाड प्लॅस्टिकचं अस्तर, वर झाकण, झिरपलेलं पाणी गोळा करायची सोय, तिथे ही राख न्यायची ठरवली तर ती काही दिवसांत भरून जातील. म्हणजे वगळण्यामागचं मोठं कारण आकारमान आहे, आणि दुसरं कारण हे की राख सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यात वापरता येते आणि तिच्यावर घातक असा शिक्का बसला तर ती कोणी हातात घेणार नाही. दुसरं कारण मला पटतं. पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते, तुमचं घर गेल्या वीस वर्षांत बांधलेलं असेल तर त्यात ती बहुतेक असणारच, आणि तिथे ती सिमेंटमध्ये पक्की बांधली गेलेली आहे, उडत नाही आणि सहजासहजी झिरपतही नाही. तुमच्या घरामागे मात्र ती मोकळी पडलीय आणि सगळा फरक तिथेच आहे.

"परिणाम कमी" या शब्दांचं काय, हे पण विचारलं पाहिजे. राखेत मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना, लोह असतं, सोबत थोडं थोडं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, सेलेनियम, पारा. एखादा कचरा घातक आहे का हे तपासायची एक टेस्ट आहे, त्यात कचरा आम्लाच्या पाण्यात घुसळतात आणि पाण्यात किती विष उतरलं ते मोजतात. नियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरमागे ५ मिलिग्रॅम. आणि आपण जे पाणी पितो त्यात आर्सेनिक किती चालतं? ०.०१ मिलिग्रॅम. पाचशे पटीचा फरक. म्हणजे एखादी राख या टेस्टमध्ये आरामात पास होईल, कागदावर नॉन-हझार्डस ठरेल, आणि तिच्यातून झिरपलेलं पाणी तरीही पिण्यालायक नसेल. ती टेस्ट कचरा कुठल्या प्रकारच्या लँडफिलमध्ये न्यायचा हे ठरवायला आहे, विहिरीशेजारी टाकायचं सर्टिफिकेट म्हणून ती कोणी बनवलेलीच नाही. हे मी लॅबमध्ये असताना लोकांना सांगून सांगून थकले पण रिपोर्टवर "मर्यादेत" असं आलं की लोक पुढचं ऐकत नाहीत.

"परिणाम कमी" म्हणून वगळलेल्या गोष्टी काय करू शकतात याचं उदाहरण हंगेरीत झालं. ४ ऑक्टोबर २०१० ला आयका इथल्या ॲल्युमिना कारखान्याच्या रेड मडच्या तळ्याचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा कोलोंतार, देवेचेर या गावांत शिरला. दहा माणसं गेली, कितीतरी लोक कॉस्टिकने भाजले. तो चिखलही तेव्हा घातक कचरा म्हणून धरलेला नव्हता. आपल्या नागपूरकडे २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलं, तुमच्याकडच्या लोकांना ते सांगायला नकोच.

आता तुमच्या प्लॉटकडे येऊ. राखेसाठी वेगळा नियम आहे, १९९९ पासून आहे, आणि आता ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना लागू आहे. त्यात वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणायचं बंधन घातलंय आणि पडून राहिलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठेवलीय. हेतू चांगला आहे पण त्याचा एक परिणाम मी बघतेय, की राख केंद्रातून बाहेर काढायची घाई प्रचंड झालीय आणि बाहेर गेल्यावर ती कुठे उतरते हे बघायला तेवढी माणसं नाहीत. खोलगट जागा भरायला राख वापरता येते हे त्याच अधिसूचनेत आहे, पण आधी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी लागते, आणि मंजूर झालेल्या जागा, त्यांचं क्षेत्र, किती राख टाकायला परवानगी दिली हे मंडळाने वेबसाइटवर टाकायचं आहे. तर तुम्ही ठेकेदाराशी घातक की बिनघातक यावर वाद घालूच नका, त्याला सरळ विचारा की या गट नंबरची मंजुरी दाखव. दाखवली नाही तर चंद्रपूरच्या मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, तारखेसकट फोटो, गाड्यांचे नंबर, विहिरीचं अंतर, आणि पोच घ्या. मंजुरी असेल तर तिच्या अटी माहितीच्या अधिकारात मागा, ताडपत्री, पाणी मारणं, वर मातीचा थर, पाण्याच्या स्रोतापासून अंतर, या गोष्टी पाळल्या जातायत का ते त्यावरून कळेल.

आणि एक काम पाऊस सुरू व्हायच्या आत कराच. विहिरीचं पाणी आत्ताच तपासून घ्या, आर्सेनिक, बोरॉन, सल्फेट, फ्लोराइड आणि टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, आणि तीच टेस्ट पावसाळ्यानंतर परत करा. आधीचा रिपोर्ट हातात नसेल तर नंतर काहीही निघालं तरी समोरचा म्हणतो की पाणी पहिल्यापासूनच असं होतं, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. एका गावात मी हे डोळ्यांनी बघितलंय, चार वर्षं लोक भांडले आणि शेवटी याच एका कागदावाचून अडले.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो, निवृत्त इंजिनिअर आहे. आमच्या इथल्या एका मित्राच्या रँचशेजारी तेलविहिरी आहेत आणि ड्रिलिंगचा चिखल तिथेच खड्ड्यात टाकतात. तो म्हणतो की अमेरिकेत हे सगळं घातक कचऱ्याच्या कायद्यातून माफ आहे. इतक्या कडक कायद्यांच्या देशात असं कसं?

काका, तुमचा मित्र बरोबर सांगतोय. अमेरिकेचा घातक कचऱ्याचा मूळ कायदा १९७६ चा, आणि १९८० मध्ये काँग्रेसने त्यात दुरुस्ती करून दोन मोठ्या सवलती घातल्या. एक कोळशाची राख, खाणकाम आणि सिमेंट भट्टीची धूळ यांच्यासाठी, तिला अलाबामाचे प्रतिनिधी टॉम बेव्हिल यांच्या नावाने ओळखतात. दुसरी तेल आणि वायूच्या विहिरींच्या कचऱ्यासाठी, ती तुमच्याच टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांच्या नावाने. कोळशाच्या राज्याने कोळशासाठी आणि तेलाच्या राज्याने तेलासाठी सूट मागितली. आधी अभ्यास होईपर्यंत थांबा असं म्हटलं होतं, मग १९८८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अभ्यासाअंती ठरवलं की तेलविहिरींच्या कचऱ्याला घातक कचऱ्याचे नियम लावायचे नाहीत.

पण सूट सरसकट नाही, आणि हे मित्राला नक्की सांगा. ओळखायची साधी खूण अशी की जे विहिरीच्या आतून वर आलं, किंवा तेल-वायू काढताना त्या प्रवाहाच्या संपर्कात आलं, ते माफ. म्हणजे ड्रिलिंगचा चिखल, दगडाचा चुरा, तेलाबरोबर येणारं खारट पाणी. पण न वापरता उरलेलं फ्रॅकिंगचं, म्हणजे दाबाने खडक फोडायचं, रसायन, मशिनचं जुनं वंगण तेल, रंगकामाचा कचरा, हे विहिरीत गेलेलंच नाही त्यामुळे ते माफ नाही, आणि तेच त्या खड्ड्यात ओतलं जात असेल तर तो सरळ गुन्हा होऊ शकतो. शिवाय जे माफ आहे त्यालाही राज्याचे नियम आहेतच, टेक्सासमध्ये ते काम रेलरोड कमिशन करतं, नाव रेल्वेचं पण तेलविहिरी तेच बघतात, त्यामुळे तक्रार तिथे.

तुमच्या पत्रातलं "इतक्या कडक देशात" वाचून मला टेनेसी आठवलं. २२ डिसेंबर २००८ च्या रात्री किंग्स्टन इथल्या वीज केंद्राचा राखेचा बांध फुटला, सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख ३०० एकरांवर आणि नदीत पसरली. नंतर ती साफ करणारे कामगार आजारी पडले, कोर्टात गेले. एवढं होऊनही २०१५ मध्ये जेव्हा राखेचे केंद्रीय नियम आले तेव्हा राख घातक नाही हाच शिक्का कायम राहिला, फक्त तळ्यांना अस्तर, भूजलाची तपासणी, आकडे लोकांसमोर ठेवणं अशा अटी आल्या. आणि तपासणीचे आकडे उघड झाल्यावरच कितीतरी ठिकाणचं भूजल बिघडलंय हे लोकांना कळलं. मला यातून आपल्यासाठी घेण्यासारखं हेच वाटतं, की शिक्का कुठला यापेक्षा शेजारच्या पाण्याचे आकडे दर वर्षी लोकांना दिसतायत का ते बघावं.

प्रश्न : ताई, आमची शेती गोव्यात डिचोली तालुक्यात. खाणीच्या डंपवरून पावसात लाल गाळ वाहून शेतात येतो. रिजेक्शनचा गाळ घातक कचरा म्हणून नोंदवता येईल का?

नाही येणार. वर सांगितलेल्या टिपेत टेलिंग आणि खनिज धुऊन उरलेलं रिजेक्शन दोन्ही आहेत, त्यामुळे त्या दारात वेळ घालवू नका. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागत, आणि जुन्या काळी ज्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं तोही डंपवरच गेला, म्हणून डोंगराएवढे डंप उभे राहिले. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग सुरू, मग २०१८ ला परत बंद, पण डंप मात्र दर पावसात वाहतच राहिले.

तुमचं दार दुसरं आहे. डंपच्या पायथ्याला भिंत, भोवताली चर, गाळ बसायला तळी, हे खाणींच्या नियमात आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींत असतं, आणि गाळाचं पाणी ओहोळात सोडलं तर पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा लागतो. तक्रार अशी लिहा की अमुक डंपच्या अमुक बाजूला भिंत नाही किंवा फुटलीय आणि गाळ अमुक सर्व्हे नंबरात येतो. "घातक कचरा" हा शब्द अर्जात घातलात तर त्यावरच अर्ज फेटाळला जाईल आणि भिंतीचा विषय तसाच राहील, असं होताना मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं कारण माणूस खरा असतो आणि शब्द चुकलेला असतो. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडून पानं करपल्यासारखी होत असतील तर ते लोह जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं, ओल्ड गोव्याला आयसीएआरची संस्था आहे, तिथे मातीचं सॅम्पल देऊन लोह आणि मँगनीज बघून घ्या, रिपोर्ट अर्जाला जोडा.

प्रश्न : मॅडम, भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, पंप आणि गिअरबॉक्स रिपेअरिंग. कन्सल्टंट म्हणतो आपण व्हाइट कॅटेगरी, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या वर्गात, २०१९ पासून घातक कचऱ्याची परवानगी माफ झाली, आता काही करायला नको. जुनं ऑइल भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो. बरोबर ना?

कन्सल्टंटचं अर्धं बरोबर आहे. १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीत असं आलं की ज्या उद्योगांना पाणी आणि हवा कायद्याखाली संमती लागत नाही त्यांना घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशनही लागणार नाही. पण त्याच वाक्यात अट आहे, की निघालेला घातक कचरा अधिकृत वापरणारा, अधिकृत गोळा करणारा किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्र यांच्याकडेच दिला पाहिजे. माफ झालाय तो तुमचा परवान्याचा कागद, ऑइल जसंच्या तसं घातकच आहे, पहिल्या अनुसूचीत ५.१ नंबरला, आणि तेलाने माखलेलं कॉटन वेस्ट, गाळ वगैरे ५.२ ला. तुमचा भंगारवाला अधिकृत नसेल तर अट मोडली आणि सूट गेली. तो ते ऑइल कुठे नेतो हे कधी विचारलंय का? बऱ्याचदा ते भट्टीत जाळायला जातं, त्यातल्या धातूंचा आणि क्लोरीनचा धूर कोणाच्या तरी वस्तीवर जातो. अधिकृत री-रिफायनर थोडे पैसे कमी देईल पण पावती देईल, ती पावतीच तुमची ढाल आहे.

त्याआधी एक बघा, तुम्ही खरंच व्हाइटमध्ये आहात का. कोरड्या पद्धतीचं मेकॅनिकल रिपेअरिंग असेल तर ठीक, पण पार्ट केमिकलने धुणं, पेंटिंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट यातलं काहीही तुमच्या शेडमध्ये होत असेल तर कॅटेगरी बदलते आणि मग सगळं लागू होतं, ऑथोरायझेशन, रोजची नोंद, ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण, ड्रमवर लेबल, ९० दिवसांच्या वर साठवण नाही, गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद. शेजारच्या गाळ्याचं पेंटिंग तुमच्या नावावर करून देताय असं तर नाही ना, हेही तपासा. आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगाच्या जागी दंड आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे आणि छोट्या वर्कशॉपला तो झेपणारा नाही.

प्रश्न : इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेसच्या रंगीत पाण्याला घातक कचरा का म्हणत नाहीत?

कारण सांडपाणी आणि चिमणीतून निघणारा वायू या दोन्ही गोष्टी घातक कचऱ्याच्या नियमातून पहिल्या पानावरच बाहेर काढल्यात, त्यांना १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा आहे. किरणोत्सारी कचरा असाच बाहेर, त्याला अणुऊर्जा कायदा, आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडचा जहाजांचा कचराही बाहेर, त्याला जहाजांचा कायदा. पण पाणी ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, साफ केल्यावर खाली जो गाळ बसतो तो परत घातक कचऱ्याच्या यादीत येतो, ३५.३ नंबरला. म्हणून ज्या प्रोसेसवाल्याकडे वर्षभरात गाळ निघतच नाही त्याची ईटीपी चालतच नाही असं समजा, ते पाणी तसंच पंचगंगेला चाललंय. गाळाचा हिशोब मागा, पाण्याचा आपोआप निघेल.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात राहते. घरात फुटलेली ट्यूबलाइट, जुनी औषधं, रंगाचे डबे, सासूबाईंच्या इन्शुलिनच्या सुया निघतात. कारखान्याने टाकलं तर घातक आणि आम्ही टाकलं तर साधा कचरा, असं कसं?

तुम्ही अगदी नेमकं पकडलंय. घरातला कचरा जगात बहुतेक ठिकाणी घातक कचऱ्याच्या नियमातून वगळलेला असतो कारण प्रत्येक घराकडून रजिस्टर आणि मॅनिफेस्ट मागणं शक्य नाही. आपल्याकडे तो घनकचऱ्याच्या नियमात गेला, आणि २०१६ च्या नियमात "घरगुती घातक कचरा" अशी वेगळी व्याख्या आली, रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया सगळं त्यात आहे. दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात असंही त्यात लिहिलं होतं. २०२६ च्या नव्या नियमात चार भाग केलेत, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, तुमच्या या सगळ्या वस्तू चौथ्यात. तुमच्या वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा की आमच्या भागाचं केंद्र कुठे आणि वेळ काय, सोसायटीच्या लेटरहेडवर विचारलंत तर उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

तोपर्यंत घरात काय करायचं. सुया आधी, कारण यात माणूस जखमी होतो. टोपण परत लावायच्या भानगडीत पडू नका, बोटाला टोचते. जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या, डिटर्जंटचा किंवा फिनेलचा, झाकण घट्ट बसणारा, सुया त्यात टाकत जा, तीन चतुर्थांश भरला की टेपने बंद करून बाहेर मार्करने "सुया" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कचरा घेणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या. त्या ताई हातमोजे न घालता कचरा निवडतात, त्यांच्या बोटांचे डाग मी पाहिलेत, त्यामुळे हे मी हात जोडून सांगते. जवळचा दवाखाना किंवा लॅब डबा घेत असेल तर सगळ्यात उत्तम, त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. एका नर्सताईंनीही विचारलंय की हॉस्पिटलचा कचरा घातक यादीत का नाही, तर त्याचंही उत्तर हेच, त्याला स्वतःचे २०१६ चे नियम आहेत, पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी रंगांची व्यवस्था आहे आणि त्यातला बराच कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही, म्हणजे काही बाबतीत तो जास्तच कडक आहे.

ट्यूब किंवा सीएफएल फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं सगळे त्या खोलीतून बाहेर, मग जाड कागदाने काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, बरणीत बंद करा. झाडू नको आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबातच नको, त्याने पारा हवेत पसरतो. थर्मामीटर फुटलं तरी असंच, पाऱ्याचे मणी पोस्टकार्डासारख्या कागदाने एकत्र ढकलायचे आणि ड्रॉपरने उचलायचे, बेसिनमध्ये सोडायचे नाहीत. बॅटऱ्या आणि बंद पडलेले मोबाईल-चार्जर यांना २०२२ चे वेगवेगळे नियम आहेत, कंपन्यांनी ते परत घ्यायचेत, त्यामुळे दुकानात विचारा.

*अंक छपाईला जाण्याआधी :* चंद्रपूरच्या भाऊंचा मेसेज आला. ठेकेदार मंजुरी दाखवू शकला नाही, ग्रामपंचायतीने मंडळाला पत्र दिलंय आणि त्यांनी विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. रिपोर्ट आला की त्यातले आकडे कसे वाचायचे ते पुढच्या अंकात बघू, तोपर्यंत त्यांनी पिण्याचं पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणायला सुरुवात केलीय, दोन खेपा सकाळी आणि एक संध्याकाळी.